बॅकफायर: एक शब्द आणि मॅन गल्चचा उतार

अनुवाद करणारे आम्ही काही जण एकमेकांचे मसुदे वाचतो. मध्यंतरी एका मसुद्यात हे वाक्य भेटलं: ‘शेवटी डॉजचा डाव त्याच्यावरच उलटला.’ मूळ मजकूर अमेरिकेतल्या १९४९च्या एका वणव्यावरचा, आणि डॉज हा तो विझवायला गेलेल्या तुकडीचा प्रमुख. तो मजकूर काढून पाहिला, तर तिथे एवढंच होतं की डॉजने बॅकफायर लावला. अनुवादकाने शब्दकोश उघडला होता आणि तिथला नेहमीचा अर्थ उचलला होता: बेत अंगलट येणं, डाव उलटणं. रोजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा याच अर्थाने येतो, त्यामुळे चूक समजण्यासारखी होती.

पण त्या एका क्रियापदाने एका माणसाच्या माथी तेरा मृत्यू मारले. ते खोडून ‘डॉजने वणव्याच्या समोरून आग लावली’ असं करून मी मोकळा झालो असतो. मग घटनेची माहिती वाचत गेलो, आणि लक्षात आलं की ही दुरुस्तीही चुकीचीच ठरली असती. मूळ इंग्रजी लेखकाचाच शब्द हुकला होता. डॉजने लावलेली आग बॅकफायर नव्हती. ती नेमकी काय होती यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्या वादाच्या मुळाशी हाच घोटाळा आहे असं माझं मत झालं आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

उतार

तारीख ५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेलेना शहराच्या उत्तरेला, मिसूरी नदीला येऊन मिळणारी मॅन गल्च नावाची एक घळ आहे. आदल्या दिवशी वीज पडून घळीच्या दक्षिणेकडच्या अंगाला आग लागली होती. त्या दुपारी हेलेनात ३६ अंश सेल्सिअस तापमान होतं. मिझूलाहून सी-४७ विमान निघालं. त्यात स्मोकजंपर होते, म्हणजे जिथे रस्ता पोचत नाही तिथे छत्रीने उतरून वणवा विझवणारे जवान. हे दल १९४० मध्ये सुरू झालं होतं आणि तोवर आगीने त्यांच्यातला एकही माणूस नेला नव्हता.

विमानात सोळा जण होते. हवेच्या हेलकाव्यांनी एकाची तब्येत इतकी बिघडली की तो उडी न मारता परतला. पंधरा जण उतरले. वायरलेस संचाची छत्री उघडलीच नाही, संच आपटून फुटला. खाली एक वनरक्षक आधीपासून एकटाच आगीशी झुंजत होता, तो येऊन मिळाला. झाले सोळा. बहुतेक मुलं विशीच्या आसपासची, सर्वांत लहान सतरा वर्षांचा. त्यांचा प्रमुख वॅगनर डॉज ३३ वर्षांचा होता. त्या मोसमातल्या प्रशिक्षणात तो या मुलांबरोबर नव्हता, त्यामुळे त्यातले कित्येक जण त्याला फारसे ओळखत नव्हते. पुढच्या गोष्टीत याला फार महत्त्व आहे.

बेत साधा होता. आग दक्षिणेच्या अंगाला, तेव्हा समोरच्या उत्तरेकडच्या उतारावरून नदीकडे जायचं, म्हणजे पाणी पाठीशी राहील. पावणेसहाच्या सुमाराला डॉजला दिसलं की आग घळ ओलांडून खालच्या बाजूला, नदीच्या आणि त्यांच्या मधे पेटली आहे. नदी तुटली. त्याने सगळ्यांना मागे फिरवलं, आणि आता वाट होती ती कड्याकडे, वर. चढ इतका उभा की धड पळताही येऊ नये. झाडी विरळ आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाळलेलं गवत. वणव्याला चढ आवडतो: ज्वाळा उताराच्या अंगावर कलतात, पुढचं गवत आधीच तापवतात, आणि ते क्षणात पेट घेतं. माणसाचा मात्र चढावर दम तुटतो.

काही मिनिटांत त्याने हुकूम दिला की हातातली अवजारं टाका. फावडी, करवती, अर्धी कुऱ्हाड आणि अर्धी कुदळ असलेली पुलास्की. आग विझवायला आलेल्या माणसाला हत्यार टाक म्हणणं म्हणजे आता तू विझवणारा राहिला नाहीस, असं सांगणं. मग डॉज थांबला, खिशातून काडी काढली आणि समोरच्या गवताला लावली.

रानातला बॅकफायर

इथे थोडा वेळ त्या मुलांच्या जागी उभं राहायला हवं. मागे वणवा, आणि पुढे आपलाच प्रमुख आग लावतो आहे. आग विझवणाऱ्या माणसाला आग लावलेली दिसली की त्याच्या डोक्यात एकच शब्द येणार: बॅकफायर.

आणि हा शब्द मुळात त्यांच्याच धंद्यातला. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात तो अमेरिकन इंग्रजीत दिसतो तो याच अर्थाने: येणाऱ्या वणव्याच्या वाटेवर मुद्दाम आग लावायची, म्हणजे मधलं गवत, पाचोळा, झुडपं आधीच जळून जातात आणि वणव्याला खायला काही उरत नाही. तेव्हा त्यात फसण्याची छटाच नव्हती. उलट ही बिकट प्रसंगाची हुकमी युक्ती होती.

ती यशस्वी होण्यासाठी काही गोष्टी लागतात. पाठीशी जाळरेषा हवी, म्हणजे गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, किंवा रस्ता, किंवा ओढा. नाहीतर आपली आग उलट्या दिशेने सुटते. माणसं हवीत, रेषेवर नजर ठेवायला. आणि वेळ साधावी लागते. मोठा वणवा आपल्या बुडाशी हवा ओढून घेतो. तो ओढा सुरू झाला की समोरून लावलेली आग त्याच्याकडे खेचली जाते आणि दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझतात. लवकर लावली तर ती कुठेही जाईल, उशिरा लावली तर मधे जळायला जागाच उरत नाही. अमेरिकेतले अग्निशामक ‘बर्नआउट’ नावाचा आणखी एक प्रकार वेगळा मोजतात. त्यात रेषा आणि आगीची कड यांमधलं उरलेलं गवत जाळून टाकतात. बॅकफायर मात्र थेट वणव्याच्या तोंडासमोर असतो, त्याची दिशा फिरवायला.

डॉजजवळ यातलं काय होतं? रेषा नव्हती, माणसं पांगत होती आणि वेळ उरला होता मिनिटभराचा. त्याला वणवा थांबवायचाच नव्हता. त्याला हवा होता जळून संपलेला एक तुकडा, जिथे पुन्हा जळण्यासारखं काही नसेल. त्याची आग वर, कड्याच्या दिशेने धावत गेली आणि मागे काळी राख सोडत गेली. त्या राखेत तो शिरला आणि इतरांनाही आत बोलावू लागला.

कोणी आलं नाही. चौकशीत डॉजने सांगितलं की, मला याचं शिक्षण कधी मिळालं नव्हतं, त्या क्षणी ते सरळ सुचलं. गवताळ मैदानांवर राहणाऱ्या लोकांना ही युक्ती पूर्वापार माहीत होती, पण या दलाच्या प्रशिक्षणात ती नव्हती, म्हणून तिला नावही नव्हतं. वणव्याच्या गर्जनेत एखादा शब्द ऐकू गेलाही असता. पण असा शब्दच नव्हता, जो ऐकताच समजेल की ‘माझ्याबरोबर आगीत या’ म्हणणारा माणूस वेडा नाही.

वाचलेल्यांपैकी सर्वांत तरुण मुलाने, रॉबर्ट सॅलीने, पुढे सांगितलं की त्याला वाटलं, डॉजच्या आगीच्या कडेकडेने वर जायचं आहे आणि ती आग कदाचित मागच्या आगीचा वेग कमी करेल. हा हुबेहूब बॅकफायरचा हिशेब आहे. त्याने जे पाहिलं ते माहीत असलेल्या एकमेव कप्प्यात ठेवलं. वाचलेल्या दुसऱ्या मुलाची, वॉल्टर रम्सीची, आठवण तर मनातून जात नाही: कल्पना फार चांगली आहे असं त्याला वाटलं होतं, पण चांगली कशासाठी ते उमगलं नाही. त्याचं सगळं लक्ष कड्यावर होतं.

हे दोघे आगीच्या कडेने वर गेले, खडकातल्या एका फटीतून पलीकडे निघाले आणि दगडांच्या मोकळ्या जागेत तगले. डॉज राखेत पालथा पडून राहिला, तोंडा-नाकावर ओला रुमाल. वणवा वरून जाताना उसळलेल्या वाऱ्याने आपल्याला दोन-तीनदा जमिनीवरून उचललं, असं त्याने सांगितलं. बाकी तेरा गेले, त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी रुग्णालयात. आग आटोक्यात यायला आणखी पाच दिवस आणि साडेचारशे माणसं लागली.

शब्द उलटला कुठे

मग या हुकमी युक्तीच्या नावाला ‘अंगलट येणं’ हा अर्थ कसा चिकटला? माझ्या वाचनाप्रमाणे तो रानातून आलेला नाही, यंत्रातून आला आहे.

१९व्या शतकाच्या अखेरीला पेट्रोलवर चालणारी इंजिनं आली आणि त्यांच्यासोबत शब्दाचा दुसरा अर्थ आला. ठिणगी चुकीच्या वेळी पडली की मिश्रण भलत्याच क्षणी पेटतं, आणि कार्ब्युरेटरच्या बाजूने किंवा मागच्या नळीतून बार उडाल्यासारखा आवाज होतो. पण आवाज ही त्यातली किरकोळ गोष्ट. त्या काळी गाडी सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. ठिणगी वेळेआधी पडली, पिस्टन पुरता वर यायच्या आतच स्फोट झाला, की इंजिन उलटं फिरे आणि ते हँडल फिरवणाऱ्याच्या हातात तितक्याच जोराने उलट येई. मनगटाजवळ हाड मोडे. हा अपघात इतका नित्याचा होता की त्या मोडलेल्या हाडाला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. जाणते लोक हँडल धरताना अंगठा त्याच्याभोवती वळवत नसत, चार बोटांच्याच बाजूला ठेवत, म्हणजे दांडी उलटली तर हातातून निसटून जाईल. १९१२च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हळूहळू हा धोका मिटला.

‘डाव बॅकफायर झाला’ हा लाक्षणिक वापर रूढ होतो तो याच सुमाराला, २०व्या शतकाच्या सुरुवातीला. जो फिरवतो त्याचाच हात मोडतो: हे चित्र त्या पिढीसमोर रोज होतं. मराठीत आपण म्हणतो ‘अंगलट आलं’, तेव्हा मोडलेल्या मनगटाची हीच जात सांगत असतो.

याच घरातला ‘मिसफायर’ शेजारी ठेवला की फरक उघडा पडतो. मिसफायर म्हणजे घोडा दाबला आणि बार उडालाच नाही. बेत मिसफायर होतो तेव्हा काहीच घडत नाही. बॅकफायर होतो तेव्हा घडतं, आणि ते करणाऱ्यावर घडतं. मराठीत एकासाठी ‘फुसका बार’, दुसऱ्यासाठी ‘डाव उलटणं’. दोन्हींना सरसकट ‘योजना फसली’ लिहिण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती मला खटकते, कारण त्यात कर्त्याला काय भोगावं लागलं हेच गळून पडतं.

(मानसशास्त्रातही एक ‘बॅकफायर इफेक्ट’ आहे: चुकीची समजूत दुरुस्त करायला जावं आणि ती अधिकच घट्ट व्हावी. २०१०च्या एका अभ्यासाने तो गाजला, पण नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो सहसा आढळला नाही. लेखांत मात्र तो सिद्ध नियम असल्यासारखा सर्रास येतो.)

आरोप

सप्टेंबर १९४९ मध्ये मिझूलात चौकशी मंडळ बसलं. त्याचा निष्कर्ष डॉजच्या बाजूने होता: माणसं त्याच्यामागे त्या जळलेल्या तुकड्यात गेली असती तर वाचली असती. पण मरण पावलेल्या एका मुलाचे वडील स्वतः वनखात्यात काम केलेले, आगीची जाण असलेले गृहस्थ होते. त्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की डॉजने लावलेली आग कड्याच्या दिशेने गेली, मुलंही कड्याकडेच पळत होती, तेव्हा त्या आगीनेच मुलांची वाट तोडली. काही कुटुंबांचे दावे न्यायालयातही गेले.

मला त्या बापाचा राग येत नाही. आग खरोखरच वर गेली होती. डोळ्यांपुढे एक प्रमुख, त्याने लावलेली आग आणि तेरा मृतदेह असले की रोजच्या इंग्रजीतला शब्द आपोआप निकाल देतो. बॅकफायरचे दोन अर्थ इथे एकमेकांवर बसतात. रानातल्या अर्थाने पाहिलं तर, रेषेशिवाय, वेळ टळल्यावर, आपल्याच माणसांच्या वाटेत लावलेला बॅकफायर म्हणजे अक्षम्य चूक. लाक्षणिक अर्थाने पाहिलं तर अंगलट आलेला बेत. दोन्ही वाटांनी माणूस दोषीच. त्याला सोडवणारा तिसरा अर्थ त्या शब्दात नाही, कारण ती कृतीच त्या शब्दाची नव्हती.

बारकाईने पाहिलं तर ‘उलटला’ हे वर्णन वस्तुस्थितीलाही धरून नाही. बेत उलटतो तो बेत करणाऱ्यावर, आणि इथे बेत करणारा त्याच बेताने जगला. युक्ती चालली, पण सोळापैकी एकासाठीच. उरलेल्यांपर्यंत ती पोचलीच नाही. इंग्रजीत शब्द शोधायचाच तर मिसफायरच्या जवळ जावं लागेल, आणि तिथेही हुकलं ते हाकेचं, आगीचं नव्हे.

१९९३ मध्ये रिचर्ड रॉदरमेल या आगीच्या अभ्यासकाने त्या संध्याकाळचे मिनिटांचे हिशेब पुन्हा मांडले: वणवा किती वेगाने येत होता, माणसं किती वेगाने चढत होती. अहवालाच्या शीर्षकातच त्याने लिहिलं की ही शर्यत जिंकता येणारी नव्हती. डॉजला हे कळलं नाही. तो १९५५ मध्ये हॉजकिन्सच्या आजाराने गेला.

मसुद्यातलं वाक्य

इतकं वाचून झाल्यावर पुन्हा त्या वाक्याकडे आलो. डॉजच्या आगीला आता इंग्रजीत वेगळं नाव आहे, ‘एस्केप फायर’. सावध राहायला हवं, कारण याला एका अक्षराने जुळं भावंड आहे: ‘एस्केप्ड फायर’. तो हाताबाहेर गेलेला वणवा. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत रान साफ करायला मुद्दाम लावलेली आग अशीच सुटली आणि लॉस अलामॉस गावातली शेकडो कुटुंबं बेघर झाली. एका शब्दात माणूस आगीपासून सुटतो, दुसऱ्यात आग माणसाच्या हातून सुटते. घाईत वाचणाऱ्याला तो एक ‘ड’ दिसणार नाही.

मसुदा लिहिणाऱ्या मैत्रिणीने आधी ‘पळवाटेची आग’ सुचवलं. इंग्रजीला ते अगदी जवळचं आहे. पण मराठीत पळवाट शोधतो तो जबाबदारी टाळणारा, कायद्यातली फट हेरणारा. ‘डॉजने पळवाटेसाठी आग लावली’ असं छापलं असतं तर ज्या आरोपातून त्याला सोडवायला बसलो, त्याच आरोपात मराठीने त्याला पुन्हा ढकललं असतं. ‘सुटकेची आग’ चाललं असतं, पण त्यात आग कशी सोडवते ते दिसत नाही. बरंच घोळून आम्ही ‘आसऱ्याची आग’वर थांबलो. राख हा आसरा, आणि आग तो तयार करते. आगीला आसरा म्हणताना वाचणारा क्षणभर अडखळेल; त्या उतारावर मुलंही अडखळलीच होती, तेव्हा ते मी राहू दिलं.

खऱ्या बॅकफायरसाठी ‘सामोरी आग’ ठरवलं. ‘उलट आग’ मी मुद्दाम टाळलं, कारण उलट म्हटलं की उलटणं मागोमाग आलंच. बातम्यांतल्या लाक्षणिक बॅकफायरला ‘अंगलट येणं’ आहेच. त्याच्या जागी ‘बॅकफायर झालं’ लिहायची गरज मला कधी भासली नाही.

वाक्य शेवटी असं गेलं: ‘डॉजने समोरचं गवत पेटवलं, ते जळून गेल्यावर तो त्या राखेत शिरला आणि बाकीच्यांना आत बोलावू लागला.’ मूळ शब्द त्यात राहिला नाही. खाली टीप दिली की इंग्रजीत इथे बॅकफायर आहे आणि तो आम्ही जाणीवपूर्वक सोडला आहे. मैत्रिणीने विचारलं, टीप तरी कशाला, वाक्य तर स्पष्ट आहे. मी म्हटलं, राहू दे. पुढचा कोणी मूळ लेखाशी ताडून पाहायला बसला आणि शब्दकोश उघडून ‘डाव उलटला’ अशी दुरुस्ती करायला निघाला, तर त्याला तिथे थांबायला काहीतरी हवं.